अडतीचा हिशेब कंट्रोलरमध्ये नको

वाशीच्या बाजारात माल विकला की शेतकऱ्याच्या हाती पट्टी येते. वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा आणि खाली हातात पडणारी रक्कम. जुलै २०१६ पर्यंत भाजीपाल्याच्या पट्टीत अडत, म्हणजे अडत्याचे कमिशनही, शेतकऱ्याच्याच रकमेतून कापली जाई. त्या महिन्यात राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून बाहेर काढला आणि अडत खरेदीदाराने द्यायची असे ठरवले. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, तरी निर्णय झाला.

असा नियम बदलला की पट्टीचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्याला किती फाइली उघडाव्या लागतात?

अशा सॉफ्टवेअरमधला कंट्रोलर कसा फुगतो, हे महापे-ऐरोलीतल्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. स्टोअर मेथडमध्ये आधी फॉर्मची तपासणी, मग किलोचे क्विंटल, मग अडतीचे टक्के, मग डेटाबेसात नोंद, मग शेतकऱ्याला एसएमएस, शेवटी पीडीएफ. डेमो छान होतो. पुढे मोबाइल ॲप येते आणि टक्क्यांची ती ओळ एपीआयच्या कंट्रोलरमध्ये कॉपी होते. मग एक्सेलमधून एकदम पट्ट्या चढवण्याची सोय करावी लागते. तिथे तिसरी प्रत. नियम बदलल्यावर दोन जागा दुरुस्त होतात, तिसरी राहून जाते, आणि एखाद्या शेतकऱ्याची अडत जुन्याच नियमाने कापली जाते. याला आम्ही नुसती कोडची अस्वच्छता मानत नाही. हा चुकीचा हिशेब आहे.

ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क येथे मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर अशी विभागणी मांडली, तेव्हा कंट्रोलर म्हणजे वापरणारा माणूस आणि प्रणाली यांच्यातला दुवा होता. बाजाराच्या आवक गेटवरचा कारकून गाडीची नोंद करून ती गाळ्याकडे पाठवतो. भाव तो ठरवत नाही. कंट्रोलरने एवढेच करावे: विनंती घ्यावी, परवानगी तपासावी, काम योग्य क्लासकडे सोपवावे, उत्तर परत द्यावे.

मग हिशेब कुठे ठेवायचा? रेल्सच्या मंडळींनी २००६ च्या सुमारास ‘सडपातळ कंट्रोलर, भरदार मॉडेल’ असा मंत्र दिला. तो निम्माच बरोबर ठरला. कंट्रोलरमधला पसारा उचलून मॉडेलमध्ये टाकला, तर मॉडेल हजारो ओळींचे होते. ‘सर्व्हिस’ नावाचे फोल्डर करून त्यात सगळे कोंबणे हीही तीच गत. आमचे मत स्पष्ट आहे: कामाच्या नावाचा क्लास करा. ‘पट्टी तयार करा’ हे एक काम, त्याचा एक क्लास. वेब, मोबाइल आणि एक्सेल, तिघांनीही त्यालाच हाक मारावी. ब्राउझर न उघडता, नुसत्या टेस्टमधून पट्टी बनवता आली, तर रचना जमली.

एसएमएसचे तर विशेष भान ठेवा. ट्रान्झॅक्शन पूर्ण होण्याआधी संदेश सुटला आणि पुढे रोलबॅक झाला, तर शेतकऱ्याच्या फोनवर रक्कम दिसते आणि डेटाबेसात पट्टीच नसते. तो गाळ्यावर येऊन विचारतो, तेव्हा अडत्याकडे उत्तर नसते. लारावेल, जँगो आणि रेल्स, तिन्हींत कमिटनंतरच काम चालवण्याची सोय आहे. ती वापरा.

दुसरा प्रश्न मेथडच्या संख्येचा. लारावेल आणि रेल्सच्या रिसोर्स कंट्रोलरमध्ये सात ठरलेल्या क्रिया असतात. पट्टी रद्द करायची म्हणून आठवी मेथड घालण्याचा मोह होतो. त्याऐवजी रद्द पट्ट्यांचा वेगळा कंट्रोलर करा आणि त्यात स्टोअर ही एकच क्रिया ठेवा. फाइली वाढतील, पण कुणी, कधी, का रद्द केली याची नोंद करायला हक्काची जागा मिळेल. आमच्या अनुभवात हा सौदा नेहमी परवडला आहे.

सगळा प्रकल्प एकदम पुन्हा लिहायला मात्र बसू नका. चालू कामात त्याला वेळ मिळत नाही आणि व्यवस्थापक तो देतही नाहीत. पुढच्या स्प्रिंटमध्ये पैशांचा हिशेब करणारा एकच कंट्रोलर निवडा. आधी त्याच्या आजच्या वागणुकीवर टेस्ट लिहा, मगच हिशेब बाहेर काढा. काय अडले, काय जमले, ते कोडच्या तुकड्यासह आम्हाला लिहून पाठवा.