जालन्यात हानी-नियंत्रणाची नोकरी

अपघात, आग, बिघाड, मालाची नासाडी आणि कोर्टकचेरी यांमुळे उद्योगाचे जे नुकसान होऊ शकते ते आधी ओळखणे, होऊ न देणे आणि झालेच तर आटोक्यात ठेवणे, हे हानी-नियंत्रणाचे काम. जोखीम व्यवस्थापन त्याहून व्यापक असते. कोणती जोखीम स्वतः सोसायची, कोणती विम्याकडे सोपवायची आणि कोणते काम मुळीच हाती घ्यायचे नाही, हे त्यात ठरते. कारखान्यात ही दोन्ही कामे बहुधा वेगवेगळ्या खोल्यांत चालतात. सुरक्षा अधिकारी हेल्मेट आणि फलक पाहतो, लेखा विभाग विम्याचा हप्ता भरतो आणि दोघांची गाठ दुर्घटनेनंतर पडते. जालना जिल्ह्यात या क्षेत्रात उतरणाऱ्या तरुणाने आणि त्याला नेमणाऱ्या मालकाने पहिल्यांदा ही फारकत मोडली पाहिजे.

या शास्त्राची एक महत्त्वाची शाखा पोलादाच्या कारखान्यातच वाढली. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लुकेन्स स्टील कंपनीत फ्रँक बर्ड सुरक्षेचे काम पाहत असत. तेथील सात वर्षांच्या सुमारे ९०,००० घटना तपासून १९६६ साली त्यांनी दाखवले की, कामावरून घरी बसवणाऱ्या एका इजेमागे १०० किरकोळ इजा आणि ५०० निव्वळ मालमत्तेच्या नुकसानीच्या घटना होत्या. १९६९ साली त्यांनी २९७ कंपन्यांतील १७,५३,४९८ घटना अभ्यासल्या आणि १ : १० : ३० : ६०० हे प्रमाण मांडले. त्यातले ६०० म्हणजे थोडक्यात टळलेले, कोणालाही न लागलेले प्रसंग. हे प्रमाण प्रत्येक कारखान्याला जसेच्या तसे लागू होत नाही, त्यावर पुढे पुष्कळ टीकाही झाली. किरकोळ इजा कमी झाल्या म्हणजे स्फोटाचा धोका कमी झाला, असे तर मुळीच नाही. परंतु कोणी जखमी झाले नाही म्हणून घटना नोंदवायचीच नाही, ही सवय चुकीची आहे, एवढे बर्ड यांनी पक्के केले. जालन्यातील भट्ट्यांना याच धड्याची सर्वाधिक गरज आहे.

जालन्यात लोहखनिज नाही, कोळसा नाही. येथील पोलाद उद्योग भंगारावर आणि स्पंज आयर्नवर उभा राहिला. इंडक्शन भट्टीत भंगार वितळवायचे, त्याचे बिलेट ओतायचे आणि रोलिंग मिलमध्ये बांधकामाच्या सळया काढायच्या, ही त्याची साखळी. या साखळीतील मोठी जोखीम भंगाराच्या ढिगातच सुरू होते. वितळलेल्या पोलादाचे तापमान १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यात ओले भंगार पडून पाणी धातूच्या पृष्ठभागाखाली अडकले, तर त्याची क्षणात वाफ होते आणि आकारमान सुमारे १७०० पट वाढते. तोंड बंद असलेला पाइप, वाहनाचा शॉक अॅब्सॉर्बर, गॅसचे रिकामे समजले गेलेले सिलिंडर यांच्यापासूनही स्फोटाचा हाच धोका असतो. ३० सप्टेंबर २००४ रोजी उत्तर प्रदेशातील साहिबाबाद येथे परदेशातून आलेल्या भंगारात युद्धसामग्री निघाली आणि स्फोटात १० कामगार दगावले. त्यानंतर तुकडे न केलेल्या आयात भंगारासाठी जहाजावर चढवण्यापूर्वीच्या तपासणीचे प्रमाणपत्र आवश्यक करण्यात आले. देशी भंगाराच्या ट्रकला मात्र असे कोणतेही प्रमाणपत्र नसते. तेथे शेवटची तपासणी यार्डातल्या वर्गवारी करणाऱ्या कामगाराच्या डोळ्यांनीच होते, आणि बहुतेक ठिकाणी तोच ठेकेदाराचा, सर्वांत कमी मजुरीचा माणूस असतो. साखळीतील सर्वांत महत्त्वाची तपासणी सर्वांत कमी शिकवलेल्या माणसावर सोडणे ही व्यवस्थापनाची चूक आहे. तिचा दोष कामगाराला देता येत नाही.

भट्टीचा दुसरा धोका तिच्या अंगातच असतो. वितळलेला धातू आणि तांब्याची कॉइल यांच्यामध्ये सिलिका रॅमिंग मासचे काही सेंटिमीटरचे अस्तर, म्हणजे लायनिंग असते. कॉइलमधून थंड पाणी सतत वाहत असते. प्रत्येक हीटमागे, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक वितळणीमागे, अस्तर झिजते. ते फाटून धातू कॉइलपर्यंत पोचला की पाणी आणि पोलाद समोरासमोर येतात. हे होण्यापूर्वी अर्थ लीकेज, म्हणजे जमिनीकडे गळणारी वीज, दाखवणारे यंत्र बहुधा इशारा देते. उत्पादन थांबते म्हणून त्या यंत्राची मर्यादा वाढवून ठेवणे किंवा ते बंद करणे हे भट्टीवरील सर्वांत घातक कृत्य आहे, आणि हानी-नियंत्रकाने दररोज आधी तेच तपासावे. किती हीट झाल्या, अस्तराची जाडी किती उरली, शेवटची दुरुस्ती कधी झाली, हे भट्टीशेजारच्या फळ्यावर लिहिलेले असावे. वीज गेली तरी कॉइलमधले पाणी थांबता कामा नये. त्यासाठी उंचावरची टाकी किंवा डिझेल पंप असतो, पण तो प्रत्यक्ष वीज तोडून चालवून पाहिल्याखेरीज त्यावर विसंबता येत नाही. वरचा थर गोठून खालचा धातू अतितप्त होणे, म्हणजे भट्टीवर ‘पूल’ बांधला जाणे, हा आणखी एक प्रकार. अशा वेळी वरून सळईने ढोसणारा मेल्टर, म्हणजे भट्टी चालवणारा कामगार, स्वतःच्या जिवाशी खेळत असतो. वीजपुरवठा बंद करून माणसे दूर करणे हीच पहिली कृती.

ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका पोलाद कारखान्यात स्फोट होऊन वीसहून अधिक कामगार जखमी झाले. अशा प्रत्येक घटनेनंतर चौकशी होते, पण तिचे निष्कर्ष शेजारच्या कारखान्यापर्यंत क्वचित पोचतात. एकाच वसाहतीत, एकाच प्रकारच्या भट्ट्या, एकाच बाजारातून येणारे भंगार आणि एका कारखान्यातून दुसऱ्यात जाणारे तेच मेल्टर असताना, अपघाताची माहिती गुप्त ठेवण्याने कोणाचाच व्यापार वाचत नाही.

कायद्याने हे पद कामगारसंख्येला बांधले आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४० ब नुसार १,००० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आवश्यक होता. विशेष धोका असलेल्या कारखान्यांसाठी राज्य सरकारला वेगळी अधिसूचना काढता येत असे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ साली झालेल्या दुरुस्तीत धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले आणि त्यांच्या यादीत लोह-पोलाद उद्योगही होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही मर्यादा सर्वसाधारण कारखान्यासाठी ५०० आणि धोकादायक प्रक्रियेसाठी २५० कामगारांवर आणली. हा बदल स्वागतार्ह आहे, तरी मूळ अडचण उरते. ८० माणसांच्या भट्टीतील १० टन वितळलेले पोलाद ८०० माणसांच्या भट्टीतील पोलादाइतकेच तापलेले असते. मर्यादेखालच्या कारखान्यांनी चार-पाच जणांत मिळून एक पात्र अधिकारी नेमावा आणि त्याचा दिवस कोणत्या भट्टीवर, कोणत्या पाळीत जाईल हे ठरवून द्यावे. जालन्यासारख्या दाट वसाहतीत हे सहज शक्य आहे, आणि नव्या व्यावसायिकांसाठी कामाची सर्वांत मोठी जागा येथेच आहे.

पात्रतेची वाट महाराष्ट्रात बरीच स्पष्ट आहे. १९८२ च्या सुरक्षा अधिकारी नियमांनुसार अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका, अथवा भौतिक वा रसायनशास्त्राची पदवी, तिच्या जोडीला कारखान्यातील अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका लागते. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्था ही पदविका शिकवते, आणि १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद नवी मुंबईतून अल्पमुदतीचे वर्ग चालवते. जालन्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुलही आहे. स्थानिक भट्ट्यांवर आधारलेला अभ्यासक्रम तेथे सुरू झाला, तर जिल्ह्यातील मुलांना मुंबई गाठावी लागणार नाही. नियमांत बहुसंख्य कामगारांची भाषा येण्याचीही अट आहे. भट्टी आणि मिलवर बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार मोठ्या संख्येने असतात. त्यांना मराठी सूचनाफलक वाचता येत नाही, आणि अनेकांना हिंदीही वाचता येत नाही. तेथे चित्र, प्रात्यक्षिक आणि त्यांच्यातल्याच एखाद्या जुन्या मेल्टरचे तोंडी प्रशिक्षण कामाला येते. भट्टी रात्रभर चालते, म्हणून प्रशिक्षणही रात्रपाळीत द्यावे लागते.

विम्याची बाजू अभियंते दुर्लक्षितात, आणि तेथे जालन्याच्या उद्योजकांचे पैसे सर्वाधिक बुडतात. १ जानेवारी २००७ पासून आगीच्या विम्याचे दर सरकारी दरपत्रकातून मुक्त झाले. तेव्हापासून हप्ता ठरवताना विमा कंपनीचा जोखीम अभियंता प्रत्यक्ष पाहणीत काय लिहितो याला वजन आले. स्वच्छ यार्ड, चालू डिझेल पंप आणि भट्टीची हीटवही यांचा हप्त्याशी थेट संबंध जोडता येतो, आणि हानी-नियंत्रकाने मालकाला हा हिशेब दाखवलाच पाहिजे. दुसरा मुद्दा अपुऱ्या विम्याचा. १० कोटींच्या मालमत्तेचा विमा ६ कोटींचाच उतरवला असेल, तर १ कोटीच्या हानीवर सरासरीच्या कलमानुसार ६० लाखच मिळतात. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या भारत सूक्ष्म आणि भारत लघु उद्यम सुरक्षा पॉलिसींत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढची नाही. तिसरा मुद्दा भट्टीपुरता: आग न लागता वितळलेला धातू सांडून झालेले नुकसान साध्या आगीच्या पॉलिसीत धरलेले असेलच असे नाही. तसे कलम आहे की नाही, हे पॉलिसी घेताना वाचायचे असते.

दावा झाल्यावर समोर येतो तो नुकसानीचे मूल्यमापन करणारा सर्वेअर. १९३८ च्या विमा अधिनियमाच्या कलम ६४ यूएम खाली त्याला परवाना मिळतो. आग, अभियांत्रिकी, सागरी माल, मोटार, नफ्याची हानी, पीक अशा विभागांनुसार तो परवाना असतो. त्यासाठी परीक्षा आणि अनुभवी सर्वेअरच्या हाताखाली प्रत्यक्ष प्रशिक्षण लागते. नेमणूक विमा कंपनी करते, तरी अहवाल निःपक्षपाती असावा अशी अपेक्षा असते. भट्टी समजणारा धातुशास्त्रज्ञ सर्वेअर झाला, तर अस्तर झिजून झालेली हानी आणि अपघाती हानी यांत तो अचूक भेद करील. त्यातून खोटा दावा अडतो आणि खरा दावा मोकळा होतो.

जिल्ह्याचा दुसरा मोठा उद्योग बियाण्यांचा. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या उद्योगातील हानी आवाज न करता होते. बियाण्यातील ओलावा १ टक्क्याने किंवा गोदामाचे तापमान सुमारे ५ अंशांनी कमी झाले, तर साठवणीचे आयुष्य दुप्पट होते, असा बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ठोकताळा आहे. म्हणजेच गोदामाचा शीतकरण संच मे महिन्यात बंद पडला, तर तक्रारी जूनमध्ये शेतातून येतात. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मराठवाड्यात इतक्या वाढल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्याआधी जानेवारी २०१२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, हे स्पष्ट केले होते. प्रत्येक लॉटचा राखीव नमुना, उगवणशक्तीची तारीखवार नोंद आणि गोदामाचा तापमान आलेख हीच बियाणे कंपनीची ढाल, आणि शेतकऱ्याला न्याय मिळण्याचा मार्गही तोच. ज्या नोंदी कंपनीलाच वाचवण्यासाठी ठेवल्या जातात आणि प्रतिकूल निघाल्या की गहाळ होतात, त्यांना हानी-नियंत्रण म्हणता येत नाही.

कापूस आणि फळबागा यांतही हे काम आहे. जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसात आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात ठिणगी पाडतो. रुईच्या गाठीत शिरलेली ठिणगी कित्येक तास आतल्या आत धुमसते, म्हणून नव्या गाठी जुन्यांपासून दूर ठेवून काही दिवस पाहणे हाच उपाय. शेतात नुकसान झाले, तर पीक विम्यात स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. मोसंबीच्या बागेत गारपिटीनंतर हे तास किती लवकर निघून जातात, हे अंबड-घनसावंगीकडचे बागायतदार जाणतात.

अखेर प्रश्न अधिकाराचा आहे. कायद्याच्या भाषेत सुरक्षा अधिकारी व्यवस्थापनाला सल्ला देतो आणि साहाय्य करतो. त्याच्या कर्तव्याला बाधा आणणारे दुसरे काम त्याला देऊ नये, असेही नियम सांगतात. तरी प्रत्यक्षात हजेरी, कँटीन, गाड्यांचे पास हे सारे त्याच्या गळ्यात पडते. जालन्यात ही नोकरी स्वीकारणाऱ्याने नेमणूकपत्रात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: संशयास्पद भंगाराचा ट्रक परत पाठवण्याचा अधिकार, अर्थ लीकेजचा इशारा आल्यास भट्टी रिकामी करायला लावण्याचा अधिकार, आणि या दोन्ही निर्णयांनी बुडालेल्या उत्पादनाचा जाब उत्पादन व्यवस्थापकाऐवजी थेट मालकापुढे देण्याची तरतूद. अहवालाची प्रत विमा पाहणाऱ्या विभागालाही जावी. पहिल्या वर्षी हा अधिकार वापरण्याची वेळ आली की त्याची वहीत तारीख, पाळी आणि हीट क्रमांकासह नोंद करावी. पुढच्या हप्त्याच्या बोलणीत आणि पुढच्या पगारवाढीच्या बोलणीतही तीच वही टेबलावर ठेवावी.