कपाटातला स्कोप

हॉस्टेलच्या बहुतेक खोल्यांत एक पिवळा मीटर सापडतोच. डोंबिवलीहून निघायचं, दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून तो आणायचा. मग तो जो आकडा दाखवेल ते ब्रह्मवाक्य!

एक प्रयोग करून बघा. ९ व्होल्टच्या बॅटरीला एक-एक मेगाओहमचे दोन रेझिस्टर सीरिजमध्ये जोडा. गणिताने प्रत्येकावर ४.५ व्होल्ट यायला हवेत. पिवळा डीटी-८३० मात्र ३ च्या आसपास दाखवेल. मीटर बिघडलेला नाही. त्याचा स्वतःचा इनपुट रेझिस्टन्सच साधारण १ मेगाओहम असतो, आणि तो सर्किटचाच भाग होऊन बसतो. १० मेगाओहमचा मीटर लावा, ४.३ येतील.

'लोडिंग इफेक्ट' म्हणून हेच आपण परीक्षेसाठी पाठ करतो, पण हाताने कधी करून बघत नाही. कारण चांगला मीटर आणि ऑसिलोस्कोप कपाटात, आणि लॅबला पाच वाजता कुलूप! १९६२ साली सुरू झालेल्या अप्लॅबने आपल्या ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ऑसिलोस्कोप बनवले. त्याच ठाण्याच्या पोरांनी स्कोप फक्त जर्नलमध्ये काढायचा का?

सरांना एकच विनंती. आठवड्यातून दोन संध्याकाळी लॅब उघडी ठेवा. रजिस्टरवर सही घ्या, एखाद्या सिनिअरवर जबाबदारी टाका. एखादा प्रोब तुटेल, कबूल. पण स्कोप कपाटात राहूनही जुना होतोच. तो निदान पोरांच्या हाताखाली तरी होऊ दे.