प्रसन्नतेचे परिपत्रक

दरवर्षी 5 सप्टेंबरला आम्हां परप्रांतस्थ मराठी मंडळींच्या सभागृहांतून शिक्षकांचा सत्कार होतो. 1962 पासून डॉ. राधाकृष्णन यांच्या जन्मदिवशी चालत आलेला हा रिवाज आहे, आणि तो मोडावा असे आमचे म्हणणे नाही. खांद्यावर शाल पडते, हातात नारळ येतो, गावाकडच्या गुरुजींची आठवण निघते आणि मग कोणी तरी हुद्देदार गृहस्थ उभे राहून शिक्षकांस उपदेश करतात. या उपदेशाचा सूर अलीकडे बदलला आहे. पूर्वी शिक्षकाने त्यागी असावे असे सांगत. आता त्याने प्रसन्न असावे असे सांगतात. सकाळी दहा मिनिटे ध्यान करावे, तक्रारीचा सूर सोडावा, सकारात्मक दृष्टी ठेवावी, वर्गात हसतमुखाने पाऊल टाकावे, म्हणजे सर्व काही आपोआप सुरळीत होते.

अशाच एका समारंभात सत्कार स्वीकारलेल्या एका बाई आभाराचे चार शब्द बोलावयास उठल्या. माहेर महाराष्ट्रातले, नोकरी इकडच्या सरकारी प्राथमिक शाळेत. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेबांचे म्हणणे मला पटले. प्रसन्न राहायला माझी हरकत नाही. फक्त कोणत्या तासाला राहायचे, तेवढे वेळापत्रकात दाखवून द्या." सभागृह हसले. आम्हीही हसलो. घरी परतताना मात्र ते हसू आम्हांस बोचू लागले. कारण त्या बाईंचे वेळापत्रक भरून टाकणारी माणसे समोरच्या खुर्च्यांवरच बसली होती, आणि त्यांत आम्हीही होतो.

उपदेशात काहीच तथ्य नाही, असे आम्ही म्हणत नाही. आंबट चेहऱ्याचा मास्तर वर्गाची हवा बिघडवतो, हे आपण सर्वांनी लहानपणी अनुभवले आहे. घरची चिंता आणि वरिष्ठांचा राग मुलांवर काढणाऱ्या शिक्षकाचे समर्थन कोणी करणार नाही. आपले मन आपल्या हाती ठेवणे, झोप नीट घेणे, सहकाऱ्यांशी मोकळेपणाने बोलणे, शाळेचे ओझे रोज घरी न नेणे या गोष्टी ज्याच्या त्याने सांभाळाव्यात हेही खरे. आमचा वाद एवढाच आहे, की शिक्षकाची प्रसन्नता ही त्याने घरून डब्यासारखी बांधून आणावयाची वस्तू आहे, ही समजूत खोटी आहे. ती प्रसन्नता मुख्यतः वर्गात तयार होते आणि वर्गातच टिकते.

ती कशी तयार होते, ते पाहावे. दुसरीतला एक मुलगा हातच्याच्या वजाबाकीत अडला आहे. बाई त्याला काड्यांच्या जुड्या देतात. दहाची एक जुडी सोडून सुटी करून दाखवतात. पहिल्या दिवशी त्याला कळत नाही. दुसऱ्या दिवशी कळल्यासारखे वाटते. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच जुडी सोडतो, फळ्याशी येतो, उत्तर मांडतो आणि मागे वळून बाईंकडे पाहतो. त्या पाहण्यात शिक्षकाचा खरा पगार असतो. पण तिसऱ्या दिवशी बाई वर्गातच नसल्या तर? त्या मतदारयादी घेऊन दारोदार फिरत असल्या, किंवा तालुक्याच्या बैठकीस गेल्या असल्या तर? आठवड्याने त्या परत येतात तेव्हा काड्या हरवलेल्या असतात, आणि मुलगा पुन्हा पहिल्या दिवसावर येऊन थांबलेला असतो. असे वर्षातून दहा वेळा घडले, की कोणत्याही ध्यानाने भरून न येणारी उदासी येते. तिला स्वभावदोष म्हणणे हा अन्याय आहे.

हे एकट्या आम्हांसच वाटते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली कामातून येणाऱ्या या थकव्याची व्याख्या केली, ती आजार म्हणून नव्हे. नीट हाताळल्या न गेलेल्या, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून तिने त्याकडे पाहिले. म्हणजे दुखणे माणसाचे असले तरी मूळ त्या ठिकाणी आहे. आपण मात्र ठिकाण जसेच्या तसे ठेवतो आणि माणसाला काढा पाजतो.

आमच्या महाराष्ट्राला तर हे शिकण्यासाठी दूर जावयास नको होते. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना महात्मा फुले यांनी प्राथमिक शिक्षकाचा विचार केला, तेव्हा त्याने आनंदी राहावे असा उपदेश केला नाही. त्याचा पगार दरमहा 12 रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी तो 15 ते 20 रुपये असावा, अधिक मुले उत्तीर्ण करणाऱ्यास वेगळा भत्ता मिळावा, असे त्यांनी आकडे घालून सांगितले. ज्यांच्या घरात सावित्रीबाईंनी 1848 पासून शेणमाती सोसून शिकविण्याचे काम केले, त्यांना शिक्षकाच्या मनोधैर्याविषयी कमी कळत होते असे कोणी म्हणणार नाही. तरी त्यांनी बोट ठेवले ते पगारावर आणि प्रतिष्ठेवर.

येथे कोणी आम्हांस अडवील, की त्याच निवेदनात फुल्यांनी शिक्षकास शाळेबाहेरचीही कामे द्यावीत असे सुचविले होते. खरे आहे. गावचे हिशेब तपासणे, दस्तांची नोंदणी, टपाल, मुद्रांकविक्री ही कामे त्याच्याकडे असावीत असे ते म्हणाले. पण कारण काय दिले? त्यामुळे गावात शिक्षकाचा मान वाढेल आणि लोकांवर त्याचा चांगला प्रभाव पडेल, हे. आज आपण जी कामे देतो त्यांनी कोणाचा मान वाढतो? शिजविलेल्या तांदळाचा हिशेब, मुलांच्या आधारक्रमांकांची जुळवणी, काल पाठविलेली माहिती आज नव्या तक्त्यात पुन्हा भरणे, आणि सकाळी पाठविलेल्या फर्मानाचे छायाचित्रासह उत्तर दुपारपर्यंत भ्रमणध्वनीवर देणे! फुल्यांना शिक्षक गावाचा जाणता माणूस व्हावयास हवा होता. आपण त्याला आपल्या कार्यालयाचा बिनखुर्चीचा कारकून केला आहे. आणि पगाराचे म्हणाल, तर 2000 सालापासून महाराष्ट्रात शिक्षणसेवक म्हणून लागलेल्या तरुणास पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक शाळेत ते मानधन कित्येक वर्षे महिना 6,000 रुपये होते. 2023 साली ते 16,000 झाले. सहा हजारांत घरभाडे देऊन प्रसन्न राहण्याची कला कोणत्या व्याख्यात्यास अवगत होती, ते आम्हांस कळलेले नाही.

कायद्याने शिक्षकास वाऱ्यावर सोडले आहे, असेही नव्हे. 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मतदारयाद्यांचे व निवडणुकीचे काम शिक्षकांस सुटीच्या व बिनशिकवणीच्या दिवशी द्यावे. शिकविण्याच्या दिवशी, शाळेच्या वेळेत सामान्यतः देऊ नये. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे 27 वे कलम तर स्पष्टच आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण, आणि स्थानिक संस्था, विधिमंडळे व संसद यांच्या निवडणुका एवढे अपवाद सोडून शिक्षकास बिगरशैक्षणिक कामावर लावता येत नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे 45 तास धरले आहेत, आणि ते तयारीच्या तासांसह, हे विशेष. म्हणजे उद्याचा पाठ आज बसून तयार करणे हे काम आहे, असे संसदेने मानले. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शिकविण्याशी थेट संबंध नसलेल्या कामांतून शिक्षकांस मुक्त करण्याचे वचन दिले. न्यायालय, कायदा आणि धोरण तिघेही एकच सांगतात. तरी बाईंचे वेळापत्रक भरलेले ते भरलेलेच. शिवाय देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत, हे शासनाचीच आकडेवारी सांगते. तेथे शिक्षक बाहेर गेला म्हणजे एक वर्ग रिकामा राहत नाही, शाळाच बंद होते.

आणि हे सारे केवळ कंटाळ्यापुरते नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये, महामारीची दुसरी लाट ऐन भरात असताना, उत्तर प्रदेशात पंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्या कामावर गेलेले 1,621 शिक्षक व शिक्षण कर्मचारी मरण पावले असा दावा शिक्षक संघटनेने केला. शिक्षण खात्याने प्रथम मान्य केलेला आकडा होता 3. आजार अंगात भिनून जीव जाईपर्यंत दिवस लागतात, आणि नियमात केवळ कामावर असतानाचा मृत्यू मोजला जात होता. पुढे ओरड झाल्यावर कामानंतरच्या 30 दिवसांतील मृत्यू धरण्याचे ठरले. निवडणुकीचे काम कायद्याच्या अपवादात बसते, हे आम्ही वर सांगितलेच. प्रश्न अपवादाचा नाही, नजरेचा आहे. ज्या नजरेला शिक्षक म्हणजे हुकूम निघताच हलविता येणारी मोकळी माणसे दिसतात, तिला मेलेला शिक्षकही नियमात बसला तरच दिसतो.

याच देशात 2016 साली मध्य प्रदेशाने आनंदाचे स्वतंत्र खाते उघडले, आणि 2018 साली दिल्लीच्या सरकारी शाळांत आनंदाचा अभ्यासक्रम सुरू झाला. मुले आनंदी असावीत याबद्दल दुमत नाही, आणि या उपक्रमांची आम्ही थट्टाही करीत नाही. पण आनंदाचा तास घेणारी व्यक्ती त्या तासापूर्वी व नंतर काय करीत असते, हे कोणी विचारावयाचे?

आता आम्ही आमच्याच वाचकांकडे वळतो. या मासिकाचे बहुतेक वाचक सरकारी सेवेत आहेत. कोणी जिल्ह्यात आहे, कोणी सचिवालयात, कोणी लेखापरीक्षणात, कोणी निवडणुकीच्या किंवा आरोग्याच्या कामावर. परक्या मुलखात मराठी माणूस प्रामाणिक व कामसू म्हणून ओळखला जातो, याचा आम्हांस अभिमान आहे. पण आमचा अनुभव असा, की आपण दोन मनांनी जगतो. दिवाळी अंकासाठी लेख लिहावयास बसलो, की आपल्याला पाटीवर हात धरून गिरवून घेणारे गुरुजी आठवतात. शाळा सुटल्यावर शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी फुकट करून घेणाऱ्या बाई आठवतात. डोळे ओले होतात. दुसऱ्या दिवशी कार्यालयात तोच हात एका आदेशावर सही करतो, की अमुक सर्वेक्षणासाठी तमुक तालुक्यातील शिक्षक उपलब्ध करून द्यावेत. त्या गुरुजींना शाळा सुटल्यावर थांबण्याइतकी सवड होती, म्हणून आपण येथवर आलो. आपल्या सहीने आज कोणाची सवड जाते, ती कोणत्या मुलाच्या वाट्याची होती, हे त्या आदेशावर लिहिलेले नसते.

"आम्ही काय करणार, वरून आलेले असते," हे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. आम्हीही ते दिलेले आहे. ते निम्मेच खरे आहे. वरून येते ते काम. ते शिक्षकाकडूनच करून घ्यावे, उद्याच घ्यावे, शाळेच्या वेळेतच घ्यावे, हे पुष्कळदा खाली ठरते. शिक्षक प्रत्येक गावात असतो, त्याला लिहिता-वाचता येते आणि तो नाही म्हणत नाही, एवढ्या तीन कारणांसाठी आपण त्याला निवडतो. ही सोय आहे, अपरिहार्यता नव्हे.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. सही करण्यापूर्वी पहावे, की हे काम 27 व्या कलमाच्या अपवादात बसते काय. बसत नसेल तर तसे टिपणीत लिहून वर पाठवावे; लिहिलेली टिपणी फाइलीत राहते आणि पुढच्या माणसास धीर देते. जी माहिती मागावयाची ती आपल्याच दुसऱ्या शाखेत पडून आहे काय, हे आधी शोधावे. बैठक घ्यावयाचीच असेल तर शाळा सुटल्यानंतर घ्यावी. आणि शाळेस भेट द्यावयास गेल्यावर नोंदवह्या मागण्यापूर्वी मागच्या बाकावर बसून एक पाठ पुरता ऐकावा. पाठ संपल्यावर शिक्षकाशी त्या पाठाविषयी बोलावे, पटाविषयी नव्हे. आपले काम कोणी तरी पाहिले, या जाणिवेने माणसाला जे बळ येते ते शालीने येत नाही.

एवढे झाल्यावर शिक्षकास प्रसन्न राहण्याचा उपदेश अवश्य करावा. बहुधा त्याची गरज उरणार नाही. ज्या बाईंनी वेळापत्रकातला तास मागितला, त्यांना आम्ही नंतर चहाच्या वेळी विचारले, की शाळेत शेवटचा खराखुरा आनंद कधी झाला. त्यांना आठवावे लागले नाही. त्या आठवड्यात सलग चार दिवस त्यांना कोणी बोलावले नव्हते, आणि चौथ्या दिवशी एका मुलीने पुस्तकाचे पान न अडखळता वाचून दाखविले होते. सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला, की व्यासपीठावरच्या व्याख्यानात जे सांगावयाचे राहून गेले होते, ते आम्हांस तेथे दिसले. चारच दिवस होते ते. ते चाळीस व्हावेत, एवढे तर आपल्या सहीच्या हाती आहे.