वादळाला स्टीअरिंग नको!

अरबी समुद्रात वादळ तयार झालं की ऑफिसच्या कँटीनमध्ये एक ठरलेला डायलॉग ऐकू येतोच. "चंद्रावर यान उतरवलं आपण, मग एक वादळ थांबवता येत नाही होय?" बोलणारा हुशार असतो, कोड झकास लिहितो, आणि टेबलावरचे सगळे माना डोलावतात. माझं मत जरा वेगळं आहे. वादळ थांबवता येत नाही, हे तर झालंच. पण समजा उद्या ते थोडंफार वळवता यायला लागलं, तरी त्याला हात लावू नये असं मला वाटतं. का, ते सांगतो.

आधी आकडेमोड. पूर्ण वाढलेलं चक्रीवादळ पाऊस पाडताना जी उष्णता मोकळी करतं, ती साधारण ६०० टेरावॅट भरते. वीज, पेट्रोल, कोळसा असं सगळं धरून अख्खी मानवजात जेवढी ऊर्जा वापरते, त्याच्या सुमारे ३० पट! तेव्हा ताकदीने अडवायचा विषय संपला. राहता राहिली युक्ती. वादळ गरम समुद्रावर पोसतं ना, मग समुद्रच थंड करा! मायामी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये हेही कॉम्प्युटरवर करून बघितलं. २ लाख ६० हजार चौरस किलोमीटर समुद्र (म्हणजे महाराष्ट्राचा जवळजवळ ८५ टक्के भाग!) २ अंशांनी थंड केला, तर वादळ कमजोर झालं फक्त १५ टक्के. आणि त्याला लागणारी ऊर्जा अमेरिकेच्या २०१९ सालच्या एकूण वापराच्या शंभरपटीहून जास्त. घ्या!

"बरं, मग ढगांत काहीतरी फवारून?" तेही करून झालंय, राजेहो. १३ ऑक्टोबर १९४७ ला अमेरिकेत 'प्रोजेक्ट सिरस'वाल्यांनी अटलांटिकमधल्या एका वादळात विमानातून सुमारे ८० किलो कोरडा बर्फ टाकला. समुद्राकडे निघालेलं ते वादळ उलटं वळलं आणि जॉर्जिया राज्यात सव्हाना शहराजवळ जमिनीवर आदळलं. लोक खवळले, कोर्टकचेरीची भाषा सुरू झाली. गंमत म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर (नोबेलविजेते बरं का) स्वतःच सांगत होते की हे वळण आमच्यामुळेच! पुढे लक्षात आलं की बर्फ पडायच्या आधीच वादळ वळायला लागलं होतं, आणि १९०६ मध्ये एक वादळ अगदी अशाच वाटेने गेलं होतं.

मग आला 'प्रोजेक्ट स्टॉर्मफ्युरी', १९६२ ते १९८३. वादळाच्या डोळ्याभोवती ढगांची जी भिंत असते, तिच्या बाहेर सिल्व्हर आयोडाइड टाकायचं. तिथलं शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी गोठेल, बाहेर नवी भिंत उभी राहील, डोळा मोठा होईल आणि वारा मंदावेल, अशी कल्पना. १९६९ मध्ये 'डेबी' वादळात वारा ३१ टक्के पडला. जल्लोष! नंतर कळलं की चक्रीवादळात असं न गोठलेलं पाणी मुळात फारच कमी असतं, आणि भिंत बदलण्याचा हा खेळ वादळं स्वतःहूनच करतात. सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होणारच होता, आणि आपण म्हणालो, बघा आमच्या पॅचने चालला!

माझा पहिला आक्षेप इथेच आहे. पुण्याच्या आयआयटीएमने सोलापूर भागात पाऊस पाडण्याचे प्रयोग केले, तेव्हा पावणेतीनशेच्या आसपास ढग अभ्यासले. काहींत बीजारोपण केलं, काहींत मुद्दाम नाही, आणि मग तुलना केली. तेव्हा कुठे पाऊस १८ टक्के वाढला असं म्हणता आलं. वादळाची तुलना कशाशी करणार? तेच वादळ पुन्हा येत नाही. ना टेस्ट एन्व्हायर्नमेंट, ना रोलबॅक. थेट प्रॉडक्शनवर, आणि युजर कोण, तर किनाऱ्यावरची माणसं.

दुसरा आक्षेप त्याहून मोठा. १९६५ मध्ये 'बेट्सी' वादळावर प्रयोग ठरला होता, आणि तो ऐनवेळी रद्द झाला. पण वर्तमानपत्रांना कुणी कळवलंच नाही. वादळ फ्लोरिडावर आदळलं आणि खापर फुटलं स्टॉर्मफ्युरीवर. हात न लावता ही अवस्था! आता आपल्याकडे या. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आलं. मुंबई थोडक्यात वाचली. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या मात्र आडव्या झाल्या. समजा तेव्हा आपल्याकडे स्टीअरिंग असतं, आणि मुंबईत बसून कुणीतरी 'जरा दक्षिणेला घ्या' असं ठरवलं असतं, तर? निसर्गाने मोडलेली पोफळ माणूस रडत का होईना पुन्हा लावतो. साहेबाच्या सहीने मोडलेली पोफळ कुणी विसरेल? आणि ती सही कुठल्या बाजूला ढकलेल, हे सांगायला ज्योतिषी नको. जिथे पैसा कमी, तिथे.

"म्हणजे संशोधनच बंद करायचं?" मुळीच नाही. जपानने तर २०५० पर्यंत हवामान नियंत्रणाचं ध्येय सरकारी कार्यक्रमात घातलंय. (एके काळी याच जपानने स्टॉर्मफ्युरीला पॅसिफिकमध्ये नको म्हटलं होतं, पाऊसच वादळांमुळे मिळतो, तर त्रास सोसू म्हणाले!) महासंगणकावर हवा तेवढा खेळ करा, त्यातून अंदाज सुधारले तर सोन्याहून पिवळं. फक्त खऱ्या वादळाला हात लावू नका.

कारण जीव वाचवायचा उपाय सापडलेला आहे, फक्त तो ग्लॅमरस नाही. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळाने सुमारे १०,००० माणसं नेली. २०१३ मध्ये त्याच राज्यात 'फायलिन' आलं, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते. मृत्यू पन्नाशीच्या आत. मधल्या १४ वर्षांत वादळं काही मवाळ झाली नव्हती. निवारे बांधले, अंदाज सुधारले, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले.

आणि उलटं उदाहरण? मे २०२१, 'तौक्ते'. इशारा काही दिवस आधीपासून होता. तरी 'पी-३०५' हा बार्ज २६१ माणसांसकट समुद्रातच राहिला आणि बुडाला. सत्तरहून जास्त जीव गेले. तिथे सिल्व्हर आयोडाइड कमी पडलं नाही. "माणसं किनाऱ्यावर आणा" हे एक वाक्य वेळेत बोललं गेलं नाही.

तेव्हा कँटीनमध्ये पुढच्या वेळी तो डायलॉग आला, तर मी एवढंच विचारणार आहे: इशारा मिळाल्यावर वेळेत एक बार्ज वळवता येत नाही, आणि आपण वादळ वळवणार?