कणगी आणि धान्य

लिंक्ड डेटाचा विषय निघाला की ग्रंथपाल हमखास विचारतात, "आमच्या नोंदी मार्क २१मध्ये आहेत, लिंक्ड डेटाकडे जायचे तर डेटाबेस कोणता घ्यावा?" मग व्हर्च्युओसो, अपाची जेना फ्युसेकी, ग्राफडीबी, ऑक्सिग्राफ अशी नावे निघतात आणि चर्चा वेगाच्या आकड्यांत अडकते. आमच्या मते हा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न असा : उद्या हा डेटाबेस सोडावा लागला, तर आपल्या नोंदी धडधाकट बाहेर पडतील का?

ही भीती काल्पनिक नाही. विकिडेटाने २०१५ साली आपल्या स्पार्कल या प्रश्नभाषेच्या सेवेसाठी ब्लेझग्राफ हे मुक्त सॉफ्टवेअर घेतले. पुढे ते घडवणारी मंडळी ॲमेझॉनकडे गेली आणि त्याचा विकास थंडावला. विकिडेटा मात्र वाढतच राहिला. नोंदी दहा कोटींच्या पुढे गेल्या, तेव्हा शोधनिबंधांच्या नोंदी २०२५मध्ये वेगळ्या ग्राफमध्ये काढाव्या लागल्या. एवढे होऊनही विकिडेटाची एकही नोंद धोक्यात आली नाही, कारण मूळ नोंदी ब्लेझग्राफमध्ये नव्हत्याच. त्या विकिबेसमध्ये होत्या. ब्लेझग्राफकडे होती ती प्रश्न विचारण्यापुरती प्रत. कणगी कुचकामी ठरली, तरी धान्य शाबूत राहिले.

स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तर याहून धीट निर्णय घेतला. त्यांची लिब्रिस ही संयुक्त तालिका २०१८मध्ये बिबफ्रेम या नोंदरचनेवर आधारलेल्या लिंक्ड डेटावर आली. पण मूळ नोंदी ट्रिपलस्टोअरमध्ये, म्हणजे सुट्या विधानांच्या (ट्रिपलांच्या) साठ्यात, न ठेवता जेसन-एलडी रूपात पोस्टग्रेस या ओळखीच्या डेटाबेसमध्ये ठेवल्या आणि शोधासाठी इलास्टिकसर्च जोडले. यामागचे तर्कशास्त्र तालिकाकाराला लगेच पटेल. आपण काम करतो ते नोंदीवर : ती उघडतो, दुरुस्त करतो, जतन करतो, चुकले तर मागच्या रूपाकडे जातो. ट्रिपलस्टोअरमध्ये तीच नोंद अनेक ट्रिपलांत विखुरते. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र नेम्ड ग्राफ (नाव दिलेला विधानसंच) दिला नाही, तर कोणते विधान कोणत्या नोंदीतून आले हेही सांगता येत नाही.

म्हणून ट्रिपलस्टोअर नकोच, असे नाही. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची फिन्टो ही सेवा स्कॉसमॉस या सॉफ्टवेअरवर चालते आणि स्कॉसमॉसच्या मागे साधारणपणे फ्युसेकी असतो. विषयशीर्षके आणि परिभाषा यांचा आवाका मर्यादित, वाचन भरपूर, बदल अधूनमधून. तिथे तो चपखल बसतो. प्राधिकृत नोंदींपासून सुरुवात करू पाहणाऱ्या आपल्या ग्रंथालयांना हा रस्ता सोयीचा आहे. निओफोरजेसारखे ग्राफ डेटाबेस देखणे दिसतात, पण लिंक्ड डेटाचे आरडीएफ आणि स्पार्कल ही त्यांची मातृभाषा नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे.

मराठी संग्रहांसाठी आणखी एक कसोटी आहे आणि ती कोणताही विक्रेता आपणहून लावणार नाही. 'वाऱ्यावरची वरात' हे शीर्षक घ्या. त्यातला 'ऱ्य' काही कळफलक 'ऱ', हलन्त, 'य' असा साठवतात. काही 'र', हलन्त, मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आणि 'य' असा. पडद्यावर दोन्ही अक्षरे सारखी, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. दोन्ही रूपे चाचणीच्या डेटाबेसमध्ये भरा आणि एकाने शोधून दुसरे सापडते का पाहा. सापडत नसेल, तर दोष आधी आपल्या भरणीत शोधा : एकच रूप ठरवा, नोंदी भरताना सगळे त्यात आणा आणि शोधणाऱ्याने टंकलेला शब्दही त्याच चाळणीतून जाऊ द्या. भाषेची 'एमआर' ही खूण प्रत्येक मराठी मजकुरावर असू द्या. एकाच देवनागरीत मराठी, हिंदी आणि संस्कृत शीर्षके शेजारी येतात, तेव्हा ती खूणच उपयोगी पडते.

बाकी पथ्ये थोडी आहेत. यूआरआय आपल्या ग्रंथालयाच्या डोमेनवर असावेत, विक्रेत्याच्या नव्हे. ब्लँक नोड, म्हणजे यूआरआय नसलेले घटक, शक्यतो टाळावेत, कारण स्थलांतरात त्यांची ओळख टिकेलच असे नाही. प्रश्न मानक स्पार्कल १.१मध्ये लिहावेत, एखाद्या उत्पादनाच्या खास सोयींवर विसंबू नये.

आणि एक सवय लावून घ्यावी. वार्षिक ग्रंथपडताळणीत आपण कपाटातले प्रत्येक पुस्तक हातात घेऊन दाखलांक ताडतो. त्याच आठवड्यात सगळा डेटा नेम्ड ग्राफांसह एन-क्वाड्सच्या साध्या फाइलमध्ये काढावा, दुसऱ्याच एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये भरावा आणि रोजच्या वापरातले दहा प्रश्न विचारून उत्तरे जुळतात का पाहावे. जुळली, तर तुमची निवड योग्य आहे, मग नाव कोणतेही असो. जुळली नाहीत, तर हरवलेल्या पुस्तकांच्या यादीइतक्याच गांभीर्याने ती तफावत अहवालात नोंदवा.