खिशातली विजेरी

मुलांनो, पावसाळ्यात रात्री अचानक वीज जाते. जिना अंधारात बुडतो. वाटेवर साप, विंचू असू शकतात. अशा वेळी खिशात लहानशी विजेरी हवी. पण ती कोणती घ्यावी?

पुष्कळ जण दुकानात सर्वांत जास्त उजेडाची विजेरी मागतात. माझ्या मते ही निवड योग्य नाही. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. पायाखालची वाट दिसायला २०-३० ल्युमेन पुरतात. उजेड जितका जास्त, तितके सेल लवकर संपतात. म्हणून उजेड कमी-जास्त करता येणारी एलईडीची विजेरी घ्यावी. जुन्या बल्बपेक्षा एलईडीला वीज फार कमी लागते.

विजेरीत १.५ व्होल्टचे साधे पेन्सिल सेल बसावेत. ते किराणा दुकानातही मिळतात. चार्जिंगची विजेरी संपली आणि वीजही गेली, तर काय करणार? मोबाइलमध्येही उजेड असतो. पण त्याची बॅटरी संकटात फोन करण्यासाठी राखून ठेवावी.

विजेरी बरेच दिवस वापरायची नसेल, तर सेल काढून ठेवा. सेल गळले की आतल्या पट्ट्या गंजतात.

विजेरीची परीक्षा दुकानात होत नाही, अंधारात होते. म्हणून किमतीकडे आणि झगमगाटाकडे पाहू नका. वेळेवर पेटेल, तीच विजेरी निवडा.