पान अडलं म्हणून सगळंच मोकळं करू नका

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. पारा पंचेचाळिसाच्या आसपास. म्हणून महावितरणचं बिल, महापालिकेचा मालमत्ता कर, शेताचा सातबारा, लेकीचा विद्यापीठाचा परीक्षा अर्ज, सगळं तुम्ही कूलरसमोर बसून मोबाइलवर करता. चांगलं करता.

मग एखाद्या दिवशी पान अडतं. तालुक्यांची यादीच उघडत नाही. चित्रातली अक्षरं लिहायला सांगतात आणि चित्राच्या जागी नुसता पांढरा चौकोन असतो. 'पैसे भरा' हे बटण कितीही दाबलं तरी ढिम्म. तुम्ही पुतण्याला हाक मारता. तो म्हणतो, "काकू, तुमचं ॲड ब्लॉक चालू आहे." दोन बटणं दाबतो, ते कायमचं बंद करतो आणि निघून जातो.

काम होतं. पण त्या दिवसापासून फोनवर येणाऱ्या कचऱ्याला दार सताड उघडं मिळतं.

एवढं होऊ देऊ नका. जाहिराती अडवणं चालूच ठेवा. जे पान अडलंय, तेवढ्यापुरतीच सूट द्या. आणि ती सूट काम सुरू करण्याआधी द्या, मधेच नको.

आधी तुमच्या फोनमध्ये काय आहे ते बघा. पत्त्याच्या पट्टीजवळ सिंहाचं तोंड दिसत असेल तर तो ब्रेव्ह. तो जाहिराती आणि माग काढणारे, दोघांनाही मुळातूनच अडवतो. ऑपेरातही २०१६ पासून जाहिराती अडवायची सोय आहे. फायरफॉक्सच्या पट्टीवर लहानशी ढाल असते. त्याचा मुख्य भर तुमचा माग काढणाऱ्यांना रोखण्यावर आहे, म्हणून काही जाहिराती दिसतच राहतात. एजमध्ये साधी, मध्यम आणि कडक अशा तीन पातळ्या आहेत. क्रोम मात्र अगदीच त्रासदायक जाहिराती दाखवणाऱ्या संकेतस्थळांवरच्याच जाहिराती अडवतो. बाकी सगळं येऊ देतो. त्यामुळे क्रोम वापरत असाल तर आपण सुरक्षित आहोत अशा समजात राहू नका.

आता, हे चालू का ठेवायचं?

मे २०१९ मधली गोष्ट. रेल्वे तिकिटाच्या ॲपवर अश्लील जाहिराती दिसतात, अशी तक्रार एका प्रवाशाने जाहीरपणे केली. आयआरसीटीसीने कळवलं की या जाहिराती गूगलच्या यंत्रणेतून येतात आणि वापरणाऱ्याने आधी काय काय पाहिलं त्यावरून ठरतात, तेव्हा कुकीज आणि हिस्टरी पुसून टाका. लोक त्या प्रवाशावर पोट धरून हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आपल्याकडे एका फोनवर आजोबा भजन ऐकतात, सून साड्या बघते, नातू खेळतो आणि त्याचे मित्र काय बघतात ते कोणालाच ठाऊक नसतं. कोणाच्या पायाचे ठसे कोणाच्या माथी मारले जातील, काही सांगता येत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. ब्राउझरमधली ही सोय ब्राउझरपुरतीच असते. वेगळ्या ॲपच्या आत ती चालत नाही.

दुसरं कारण पैशाचं. बँकेचा किंवा गॅस एजन्सीचा फोन नंबर हवा म्हणून तुम्ही शोधता. सगळ्यात वर जे येतं ते बऱ्याचदा पैसे देऊन वर आणलेलं असतं. बाजूला बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. तिथे ठगाचा नंबर असू शकतो. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या नागरिकांना याच प्रकाराबद्दल सावध केलं होतं आणि शोधताना जाहिराती अडवणारं साधन वापरा, असं सांगितलं होतं.

पण त्यावर विसंबून राहू नका. ब्रेव्हची नेहमीची पातळी बाहेरून आलेल्या जाहिराती अडवते. एखाद्या संकेतस्थळाने स्वतःच लावलेल्या जाहिराती ती बहुतेक वेळा जाऊ देते. म्हणजे शोधाच्या पानावरची 'प्रायोजित' ओळ दिसू शकते. नंबर हवा असेल तर कार्डाच्या मागे बघा, पासबुकावर बघा, बिलावर बघा. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावा. लाजू नका. पहिला तास फार मोलाचा असतो.

मग चांगली पानं का अडतात? तुमच्या फ्लॅट स्कीमच्या चौकीदाराकडे एक यादी द्या आणि सांगा, या नावाच्या कोणालाही आत सोडायचं नाही. तो प्रामाणिक असेल तर नाव जुळलं की गॅस सिलिंडरवाल्यालाही गेटवरच उभा ठेवेल. ब्राउझरकडे अशीच यादी असते. तिच्यातली ईझीलिस्ट नावाची मूळ यादी २००५ पासून चालू आहे आणि ती मुख्यतः स्वयंसेवक सांभाळतात. यादीत हजारो नियम आहेत. अमुक पत्त्यावरून आलेलं अडवा, फाइलच्या नावात अमुक शब्द असेल तर अडवा. एखाद्या कॉलेजने आपल्या प्रवेशाचं चित्र 'बॅनर-ॲड' अशा नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं, की ते गेलंच. पैसे भरायचं पान दुसऱ्याच कंपनीकडून येतं, त्याचाही कधी कधी असाच संशय घेतला जातो.

चूक तुमची नाही. कॉलेजचीही फारशी नाही.

आता काय करायचं ते सांगतो.

पान अडलं की पहिल्यांदा वरचा पत्ता वाचा. सरकारी संकेतस्थळाचा शेवट बहुधा डॉट जीओव्ही डॉट इन किंवा डॉट एनआयसी डॉट इन असा असतो. बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. पत्ता विचित्र वाटला, स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त दिसलं, तर सूट देऊ नका. पान बंद करा. चोराला ओळखूनही कडी काढून देणं झालं ते.

पत्ता बरोबर असेल तर सिंहावर किंवा ढालीवर बोट ठेवा. तिथे त्या एका संकेतस्थळापुरतं बंद करायचं बटण असतं. तेवढंच बंद करा. ब्राउझरच्या मोठ्या सेटिंगमध्ये शिरूच नका. पुतण्यालाही शिरू देऊ नका.

हे बटण दाबलं की पान बहुधा नव्याने उघडतं. तुम्ही अर्जाचे तीस रकाने भरले असतील तर तीसही पुसले जातात. परीक्षा अर्जाच्या शेवटच्या दिवशी हे झालं की घरात काय गोंधळ होतो, ते मी वेगळं सांगायला नको. म्हणून अर्ज भरायला बसण्याआधीच सूट देऊन घ्या. नेहमीच्या पाच-सहा संकेतस्थळांना एकदाच सूट देऊन ठेवली की ब्राउझर ते लक्षात ठेवतो.

पैसे भरताना पान थांबलं तर हात आवरा. पुन्हा बटण दाबू नका, मागे जाऊ नका, आणि त्या वेळी ढालीशी तर अजिबात खेळू नका. आधी बँकेचा मेसेज बघा, खातं बघा. पैसे गेलेले नसतील तर नव्याने सुरुवात करा. पैसे गेले असतील तर त्या संकेतस्थळावर आधीच्या व्यवहारांची किंवा पावतीची जागा शोधा. बरेचदा पैसे पोहोचलेले असतात, फक्त पावतीचं पान अडकलेलं असतं. पैसे गेले पण पोहोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम तुमच्या बाजूने आहे. कार्डाने किंवा यूपीआयने केलेल्या अशा खरेदीचे वा भरण्याचे पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे बँकेत ठामपणे सांगा.

पावती न दिसण्याचं आणखी एक कारण असतं. ती नव्या खिडकीत उघडते आणि ब्राउझर नवी खिडकी उघडू देत नाही. ही अडवणूक जुनी आहे. टपकन उघडणाऱ्या जाहिरातीच्या खिडक्यांनी लोकांना इतकं पिडलं होतं की २००४ मध्ये विंडोजच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्येही त्या रोखायची सोय आली. असल्या खिडकीचा सुरुवातीचा कोड लिहिणाऱ्या एथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये त्याबद्दल चक्क माफी मागितली. तेव्हा पत्त्याच्या पट्टीजवळ 'पॉपअप रोखले' अशी खूण किंवा सूचना दिसते का बघा आणि त्या संकेतस्थळाला परवानगी द्या.

ढाल उतरवली, तरी पान हलत नाही? मग फोनच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा. ही सोय अँड्रॉइडमध्ये २०१८ पासून आहे. हौशी मुलं तिथे जाहिराती अडवणारा पत्ता टाकून ठेवतात. त्याचा परिणाम सगळ्या फोनवर होतो, ॲपवरही. एका पानाला सूट देता येत नाही, आणि घरच्यांना काय केलंय ते माहीतही नसतं. तसंच व्हीपीएनचं. ते चालू असलं की बँकेची काही ॲप्स उघडतच नाहीत. माझं मत विचाराल तर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर या दोन्ही गोष्टी नकोतच. जे आपल्याला बंद करता येत नाही, ते चालू करू नये.

ज्यांना ही खटपट नको, त्यांनी दोन ब्राउझर ठेवावे. मला हाच उपाय जास्त पटतो. एक कामाचा. त्यात ढाल सौम्य ठेवा, बिल, कर, बँक, विद्यापीठ यांचे पत्ते जपून ठेवा, आणि त्यात कधीही काही शोधू नका. दुसरा भटकायचा. पाककृती, बातम्या, क्रिकेट, राशिभविष्य सगळं त्यात. त्याची ढाल घट्ट ठेवा. तिथे एखादं पान मोडलं तर मोडू द्या, काही बिघडत नाही.

दहावी-बारावीचा निकालसुद्धा असाच बघा. राज्य मंडळाच्या नऊ विभागांत नागपूर एक, आणि निकाल मंडळाने जाहीर केलेल्या अधिकृत पत्त्यावर लागतो. तो कामाच्या ब्राउझरमध्ये आधीच जपून ठेवा. त्या दिवशी मंडळाचं पान गर्दीने रडतं, तेव्हा ढालीला दोष देऊ नका, थोडं थांबा. घाईत भलत्याच पानावरचं मोठं हिरवं 'निकाल पहा' बटण दाबू नका. ते बटण बहुधा जाहिरात असतं.

आणखी एक जागा अशी आहे जिथे ढालीचा फारसा उपयोग नाही. एखादं पान विचारतं, सूचना पाठवू का? तुम्ही घाईत 'हो' म्हणता. मग रात्री-अपरात्री 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस' अशा पाट्या येत राहतात. ती परवानगी तुम्हीच दिलेली असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन' उघडा आणि अनोळखी नावं काढून टाका.

आता वर्तमानपत्रांबद्दल. आपल्या शहरात १९११ पासून 'द हितवाद' निघतो, १९७१ पासून 'लोकमत' दैनिक निघतं. कागदावरचा अंक जाहिरातींवर चालतो, तसंच इंटरनेटवरचं पानही. रोज फुकट वाचता त्या एखाद-दोन दैनिकांना सूट द्या. नाही तर वर्गणी भरा. पण त्या पानावर लॉटरीच्या नाहीतर औषधाच्या भोंदू जाहिराती दिसायला लागल्या, तर सूट मागे घ्या. त्यात संकोच कसला?

शेवटचं काम फार कोणी करत नाही. ब्रेव्ह आणि फायरफॉक्समध्ये 'हे संकेतस्थळ नीट चालत नाही' असं कळवायची सोय असते. याद्या सांभाळणारे लोक जगभर विखुरलेले आहेत. आपल्या महापालिकेचं कराचं पान कसं चालायला हवं, हे त्यांना कोण सांगणार? भारतीय संकेतस्थळांसाठी वेगळी यादी आहे, पण कळवणारे कमी. लांब लिहायची गरज नाही. पानाचा पत्ता द्या आणि कुठलं बटण चालत नाही, एवढंच लिहा. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं तरी त्यांना कळतं. फक्त ग्राहक क्रमांक, आधार किंवा मोबाइल नंबर त्यात टाकू नका. आणि सोबत पानाचं चित्र पाठवणार असाल, तर त्यात तुमचं नाव आणि बिलाची रक्कम दिसत नाही ना, ते आधी बघा.